रात्रीचा हजेरीपट

वैजयंतीबाई रिटायर झाल्या तेव्हा शाळेतून दोन गोष्टी घरी आल्या. एक शाल. ती कपाटात गेली आणि तिथेच राहिली. दुसरा कोरा हजेरीपट. तो कामाला लागला. शाळा मराठी माध्यमाची. बुऱ्हाणपुरात तिची पोरं वर्षागणिक हिंदीकडे नाहीतर इंग्रजीकडे सरकत गेलेली. शेवटच्या वर्षी पटावर रेघा चाळीस आणि नावं नऊ होती. त्यामुळे शाळेत कोऱ्या पटांचा तोटा नव्हता. बाईंनी हेडमास्तरांना विचारून एक उचलला. विचारून, हे लक्षात ठेवा. न विचारता खडूचा तुकडाही घरी आणणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

आता या पटावर विद्यार्थी एकच. कौतिकराव, बाईंचे यजमान. वय चौसष्ट. खकनारच्या तहसील कचेरीत बत्तीस वर्षं बाबू होते, रोज बसने जाऊन-येऊन. शुगर एकोणीस वर्षांची, इन्सुलिनची सुई सहा वर्षांची, आणि गंमत करायची खोड जन्माची.

पटाच्या डाव्या बाजूला सकाळची उपाशीपोटीची शुगर, मग जेवणानंतरची, मग सुईचे युनिट. उजव्या बाजूला तीन बारीक चौकोन: अकरा, दोन, चार. या तीन वेळांना बाई रोज रात्री कौतिकरावांना उठवत. नुसतं हलवून नाही. खोलीतली पांढरी ट्यूबलाईट रात्रभर चालूच असे, म्हणजे घाम आला तर लगेच दिसावा. बाई गजर बंद करत, यजमानांच्या कपाळावर हात फिरवत आणि विचारत, "सतरा साते?"

कौतिकराव डोळे चोळत. "एकशे एकोणीस."

"तेवीस चोक?"

"ब्याण्णव."

"बरोबर. झोपा."

मग चौकोनात लाल पेनाची खूण. युक्ती बाईंची स्वतःची. शुगर खाली गेली की माणसाचं डोकं आधी गडबडतं, हे त्यांनी ऐकलं होतं. डोकं ठिकाणावर आहे का हे तपासायला पाढ्यासारखं दुसरं यंत्र त्यांना ठाऊक नव्हतं. मशीनच्या पट्ट्या महाग पडतात, पाढा फुकट. आणि अर्धवट झोपेत माणूस बे दुणे चार म्हणूनही जाईल, पण सतरा साते म्हणायला पूर्ण जागं व्हावंच लागतं. बाईंना आपल्या या शोधाचा फार अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नव्हत्या.

गल्लीत त्यांचं नाव झालं होतं. पलीकडच्या गल्लीतल्या कापड विणणाऱ्या लूमची खटखट रात्रभर चाले, त्याची सगळ्यांना सवय होती. उलट वीज गेली आणि लूम थांबले की अख्खी आळी दचकून उठायची. अशा वेळी अंधारात एकाच घराची खिडकी पांढरी दिसे, कारण बाईंनी त्या एका ट्यूबलाईटसाठी इन्व्हर्टर बसवला होता. लोक आपापल्या ओट्यावर येऊन त्या खिडकीकडे बघत आणि म्हणत, बाई जागी आहे. कौतुक असं रात्री जमा व्हायचं आणि सकाळी दळणाच्या रांगेत बाईंच्या पदरात पडायचं.

हे सगळं सुरू झालं आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला. दुपारी पुरणपोळी आणि रस यथेच्छ झालेला. कौतिकराव संध्याकाळी म्हणाले, आता जेवण नको, पोट तट्ट आहे. जेवले नाहीत, पण सुई रोजचीच घेतली. पहाटे बाईंना जाग आली ती गादी ओली लागली म्हणून. यजमान घामाने निथळत होते, डोळे उघडे, आणि "अहो, अहो" म्हटलं तरी बाईंकडे असे बघत होते जसं तहसीलमध्ये अनोळखी माणसाकडे बघत. मशीनवर आकडा आला बेचाळीस. बाईंनी साखरेचं पाणी चमच्याने तोंडात सोडलं. वीस मिनिटांनी ते म्हणाले, "रस उरला असेल तर तोच दे ना, पाणी कशाला?" बाई हसल्या नाहीत.

त्यात समोरच्या मालूबाई भेटायला आल्या. त्यांचे यजमान दगाभाऊ तीन वर्षांमागे असेच झोपेत गेले होते. "मी तं बाजूलेच निजेल होती वो, मास्तरीणबाई," मालूबाई म्हणाल्या. "हाताएवढ्यावर. पाच वाजता चहाले उठवाले गेली तं थंडगार. मले काईच समजलं नई. माणूस गेला अन् मी घोरत होती." आणि मालूबाईंनी पदर तोंडाला लावला.

ते वाक्य बाईंच्या मनात जाऊन बसलं. माणूस गेला आणि मी घोरत होते, हे आपल्याला आयुष्यात कधी म्हणावं लागू नये, एवढीच त्यांची मागणी. डॉक्टरांनी सुईचे युनिट कमी केले, सांगितलं की जेवण चुकवू नका, मग पुन्हा असं होणार नाही. बाईंनी ऐकून घेतलं. त्याच रात्री पटाचं पहिलं पान आखलं.

---

कौतिकरावांचा पाय बिघडला तो बुटामुळे. तुकईथडला पुतणीचं लग्न होतं, मार्गशीर्षात. त्यासाठी नवे कातडी बूट घेतले. दिवसभर वऱ्हाडात मिरवले. एकोणीस वर्षांच्या शुगरने तळपाय बधिर केलेले, चावलेलं कळलंच नाही. घरी येऊन मोजा काढला तर तो करंगळीला चिकटलेला. रुपयाएवढी जखम.

"लग्नात सगळ्यांना जेवण मिळालं, बुटालाही," कौतिकराव म्हणाले.

जखम साधी दिसत होती. पंधरा दिवसांत भरेल, डॉक्टर म्हणाले. पौष गेला, माघ गेला. होळी झाली. जखम ना भरे ना मरे. कडा सुजलेल्या, मध्ये ओल, पाऊल गरम. नेहमीचे डॉक्टर पट बघायचे, डावी बाजू. सकाळची एकशे अठरा, एकशे बावीस, एकशे दहा. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, सातच्या आत. डॉक्टर म्हणायचे, "बाई, तुमच्यासारखा रेकॉर्ड आमच्या नर्सेसही ठेवत नाहीत. शुगर तर फर्स्ट क्लास आहे. मग हे भरत का नाही?" आणि मलम बदलून द्यायचे. उजव्या बाजूच्या लाल खुणांवर त्यांची नजर कधी थांबली नाही. त्यांना वाटलं असावं, गोळ्यांच्या वेळा असतील.

चैत्रात करंगळी काळपट दिसायला लागली. आता प्रश्न जखमेचा राहिला नव्हता, पायाचा झाला होता. मुलगी पल्लवी इंदूरहून फोनवर ओरडली, "मम्मी, तुम लोग ना, हद करते हो! त्या डॉक्टरला सोडा आता. शनवारा भागात अमृता महाजन बसते, एकदम बेस्ट आहे. तुझीच स्टुडंट ना ती?"

अमृता महाजन. तिसरी अ. गणिताला रडायची. बाईंना पक्कं आठवलं.

---

शनवाऱ्याजवळ पहिल्या मजल्यावर दवाखाना. कौतिकरावांना जिना चढवताना बाईंचा दम निघाला. आत गेल्यावर डॉक्टर खुर्चीतून उठली, वाकून बाईंच्या पाया पडली.

"हिला मी पट्टी मारलेली आहे," बाई यजमानांना म्हणाल्या.

"मग आता इंजेक्शन मला देईल," कौतिकराव म्हणाले.

अमृता हसली. पण पट्टी सोडून पाय बघितला तेव्हा तिचं हसू गेलं. दोन्ही पावलांच्या नाड्या बोटांनी दाबून बघितल्या, उजवीकडची पुन्हा एकदा बघितली. रक्ताचे रिपोर्ट चाळले. "शुगर चांगली आहे," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "पण सुजेचा आकडा बघा. पायाची जखम एवढीशी आणि अंगभर सूज धुमसतेय. एवढी का?"

बाईंनी पिशवीतून पट काढला आणि टेबलावर सरकवला. हा क्षण त्यांनी जिन्यावरच मनात आखून ठेवला होता. विद्यार्थिनीने बघावं, बाई आजही काय चीज आहेत.

अमृता पान उलटायला लागली. अंगठा जिभेला लावून. ही सवय बाईंचीच, वह्या तपासायची. बाई समोरच्या खुर्चीत पदर सावरून बसल्या आणि शेऱ्याची वाट बघू लागल्या.

"बाई, या तीन खुणा कशाच्या?"

"अकरा, दोन, चार. उठवते ना यांना."

"उठवता म्हणजे?"

"जागं करते. पूर्ण जागं, अर्धवट नाही. पाढा विचारते. बरोबर आला तरच खूण."

"सतरा ते एकोणतीस," कौतिकराव म्हणाले. "सणावाराला तीसचा. तो सोपा पडतो."

अमृता हसली नाही. "रोज?"

"एक नागा दाखव," बाई म्हणाल्या. "सातशे चार रात्री आहेत. तीन-तीन वेळा. दोन हजार एकशे बारा खुणा. दिवाळीला मोजल्या तेव्हा सोळाशेच्या आत होत्या."

"आणि खोलीत लाईट?"

"चालूच. घाम दिसायला नको का?"

अमृताने पेनाला टोपण लावलं. बाईंना ती हालचालही ओळखीची होती. उत्तर चुकलेल्या मुलाला आधी काय सांगावं याचा विचार करताना त्या स्वतः तसंच करत.

"बाई, अंधार पडला की आपल्या डोक्यात एक रस तयार होतो. मेलाटोनिन. शरीराला तो कळवतो की रात्र झाली. लोकांना वाटतं तो फक्त झोप आणतो. त्याचं काम त्याहून मोठं आहे. शुगरच्या माणसाच्या अंगात आतून सूज धुमसत असते, नसांत, रक्ताच्या नळ्यांत. बाहेरून दिसत नाही. हा रस रात्री ती सूज शांत करायला हातभार लावतो. म्हणजे तसं दिसतंय, अभ्यास चालू आहेत, मी छातीठोक सांगत नाही. पण डोळ्यांवर पांढरा उजेड पडला की हा रस बनायचा थांबतो, हे नक्की. आणि शुगरवाल्यांत तो मुळातच कमी असतो. जखम भरायची म्हणजे आधी सूज बसायला हवी."

"मग?"

"मग काय, बाई." तिने पट मिटला. "काकांच्या अंगात दोन वर्षं रात्रच झाली नाही."

बाईंनी यजमानांकडे बघितलं. कौतिकराव भिंतीवरच्या पावलाच्या चित्राकडे बघत होते, फार लक्ष देऊन, जणू त्यावर त्यांचा सातबारा लिहिलेला होता.

"पण शुगर खाली गेली असती तर?" बाईंचा आवाज वर्गातला राहिला नव्हता. "दगाभाऊ गेले ना तसेच. झोपेत."

"ते बघू आपण. दंडाला एक मशीन चिकटवते. पंधरा दिवस दर पाच मिनिटांनी शुगर टिपेल, खाली गेली तर मोबाईलवर वाजेल. तुम्ही उठवायचं नाही. ट्यूबलाईट बंद. खिडकीला जाड पडदा. काकांना त्या रसाची एक बारीक गोळी देते. आणि पायाचा एक्स-रे आजच."

निघताना तिने पट परत दिला. शेरा नव्हता त्यावर.

---

पंधरा दिवस बाई अंधारात डोळे उघडे ठेवून पडल्या. त्या दिवसांचं वेगळं काही सांगण्यासारखं नाही. मोबाईल एकदाही वाजला नाही. अमृताने मशीनचा कागद काढून दिला तेव्हा त्यावर रात्रीची रेघ सपाट होती, नदीकाठच्या वाळूसारखी. सगळ्यात खालचा आकडा एकशे चार. एकाही रात्री त्याखाली नाही. बाईंनी तो कागद घरी नेला, चष्मा लावून पुन्हा वाचला, बोट रेघेवरून फिरवत वाचला. आखाजीनंतर डॉक्टरांनी सुई कमी केली तेव्हाच सगळं मिटलं होतं. त्यानंतरची प्रत्येक लाल खूण फुकट. नुसती फुकट असती तरी चाललं असतं.

संध्याकाळी कौतिकराव ओट्यावर पाय उशीवर ठेवून बसले होते. बाई शेजारी बसल्या.

"एक विचारू का?"

"पाढा सोडून."

"तुम्हाला त्रास होत होता तर बोलला का नाहीत?"

रस्त्यावरून केळीच्या घडांचा एक ट्रॅक्टर गेला, शहापूरकडून आलेला असावा. तो वळेपर्यंत कौतिकराव बघत राहिले.

"मी झोपत नव्हतोच," ते म्हणाले. "उठवून पुन्हा झोपणं मला पहिल्या महिन्यात जमलं. मग नाही. अकरानंतर दोनची वाट बघायची. मनात उजळणी करायची, तू कुठला विचारशील. एकदा सव्वीस नवे चुकलो होतो, आठवतं? तू तोंडावर पाणी मारलंस आणि मालूबाईंना हाक मारलीस. म्हटलं, आता चुकायचं नाही."

"मग सांगायचं ना हो!"

"काय सांगू?" ते हसले. "आखाजीनंतर तू महिनाभर डोळा लावला नव्हतास, वैजू. पट सुरू झाला आणि तू झोपायला लागलीस. खूण केली की दोन मिनिटांत घोरायचीस. मी बघायचो ना ट्यूबलाईटीत. म्हटलं, हिची झोप पाढ्यावर चाललीय तर चालू दे. माझं काय, मी रिटायर माणूस. दुपारी पडेन."

दुपारी ते कधी पडत नव्हते. दुपारी वीज जाई, गरमी होई, माणसं येत. बाईंना हेही आता एकेक आठवायला लागलं.

माणूस जागा आणि मी घोरत होते. मालूबाईंच्या वाक्यात एकच शब्द बदलला होता.

---

हाड सडलं होतं. एक्स-रेत दिसलं होतं ते नंतरच्या तपासणीत पक्कं झालं. अंधाराच्या पंधरा दिवसांत सुजेचा आकडा थोडा उतरला, जखमेच्या एका कडेला गुलाबी कातडी धरली, आणि बाई रोज सकाळी ती गुलाबी कड मोजपट्टीने मोजत राहिल्या. चार मिलिमीटर झाली. सोळाव्या दिवशी ताप चढला. अमृता म्हणाली, जळगावला न्या, आजच. तिथे मोठ्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि करंगळीबद्दल बोललेच नाहीत. गुडघ्याखाली कुठून कापायचा, एवढंच बोलले.

पल्लवी आली. कागदावर सही बाईंनी केली, वळणदार, पूर्ण नाव. कौतिकरावांना स्ट्रेचरवरून नेताना ते म्हणाले, "त्या बुटांतला उजवा आता कोणाला देऊन टाक." पल्लवी रडायला लागली. बाई नाही रडल्या. त्यांच्या डोक्यात एक गणित चालू होतं आणि ते सुटत नव्हतं.

आठ दिवसांनी कौतिकरावांना घरी आणलं. मग एकदा टाके दाखवायला शनवाऱ्याला. या वेळी अमृताच जिना उतरून खाली रिक्षापाशी आली, तिथेच बघितलं, टाके छान आहेत म्हणाली. कौतिकरावांना रिक्षात बसवून बाई तिच्याबरोबर चार पावलं बाजूला गेल्या.

"अमृता, खरं सांग. सोळा आण्यांत माझे किती?"

"बाई, असं काही..."

"बूट आहे. पायाची नाडी बारीक होती, ती आहे. एकोणीस वर्षांची शुगर आहे. आधीचा डॉक्टर आहे, त्याने पाच महिने मलम चोळलं. सगळे धरते. बाकी माझे किती उरतात?"

"ते काढता येत नाही, बाई."

"तू तिसरीत रडायचीस, गणित येत नाही म्हणून. मी काय सांगायचे? रडू नको, उत्तर असतंच."

"याला नाही. दोन आणे असतील. दहा असतील. कोणीच सांगू शकणार नाही."

"शून्य असेल का?"

अमृताने खाली बघितलं. तिसरीत बघायची तशी, चपलेच्या अंगठ्याकडे.

"शून्य म्हणू का मी?" ती हळूच म्हणाली. "तुम्हाला बरं वाटणार असेल तर म्हणते."

"नको," बाई म्हणाल्या. "खोटा शेरा नको."

रिक्षात कौतिकरावांनी विचारलं, काय म्हणाली? बाई म्हणाल्या, टाके छान आहेत.

---

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. गल्लीने पाहिलेलं होतं ते गल्ली विसरणार नव्हती. मालूबाई तर रोज. कॉटजवळच्या खुर्चीत बसून त्या येणाऱ्या प्रत्येकाला हकिगत सांगत, आणि हकिगतीचा शेवट ठरलेला.

"ही बाई होती म्हणून पायावर भागलं, नई तं माणूसच गेला असता. दोन वर्षं डोळ्याले डोळा नई लावला हो हिनं! आमी पाहेल आहे ना. अंधारात एकलीची खिडकी चालू."

"मालूबाई, चहा घ्या," बाई म्हणत.

"घेते. पण आजकालच्या पोरींना सांगा, बायको अशी लागते. मी अभागी, मी झोपली."

एकदा बाईंनी तोंड उघडलं. सांगून टाकावं. मालूबाई, तुम्ही झोपलात म्हणून दगाभाऊ गेले नाहीत; आणि मी उठले म्हणून यांचा पाय... पण मालूबाईंच्या चेहऱ्यावर स्वतःला दोष देणाऱ्या बाईचं एक जुनं, सरावाचं समाधान होतं. ते काढून घेऊन त्यांच्या हातात काय द्यायचं? आणि मग खिडकीचं काय? सगळ्या आळीने कौतुकाने बघितलेली खिडकी. बाईंनी तोंड मिटलं. चहात साखर घातली. कौतिकराव कॉटवरून त्यांच्याकडे बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं आणि ते काही बोलले नाहीत, हेच त्यांनी दोन वर्षं केलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी बाई स्टुलावर चढल्या आणि ट्यूबलाईट काढूनच टाकली. नळी, स्टार्टर, पट्टी, सगळं. पुसून, कागदात गुंडाळून कपाटात शालीशेजारी ठेवलं. इन्व्हर्टरची वायर उपटली. जाड पडदा खिळ्यांनी दोन्ही बाजूंनी ठोकला. पल्लवी म्हणाली, "मम्मी, इतना भी जरूरी नाहीये." दुसऱ्या दिवशी सकाळी ती इंदूरला गेली. तिची मुलं लहान होती.

आता खोलीत रात्र होती. खरी, काळी, हात डोळ्यांसमोर धरला तरी न दिसणारी. गोळी दिलेली होती. दूध दिलेलं होतं. गजराच्या घड्याळातला सेल बाईंनी काढून ठेवला होता. पलीकडे लूम चालू होते, खटखट, खटखट, आणि त्यातून यजमानांचा श्वास बाईंना वेगळा ऐकू येत होता. तो संथ होता. लांब होता. बाईंनी श्वास मोजायला सुरुवात केली आणि शंभराच्या पुढे सोडून दिली. झोपले. झोपले गं बाई एकदाचे. पायाला आता उपयोग नव्हता, पण झोपले. दुसरा पाय होता अजून.

किती वेळ गेला कळलं नाही. घड्याळ नव्हतं. पण श्वास बदलला तसं बाईंना कळलं की दोन वाजले असणार.

"एकशे एकोणीस," अंधारात कौतिकराव म्हणाले.

कोणी विचारलं नव्हतं. बाईंच्या घशात पुढचा प्रश्न आपोआप तयार झाला आणि त्यांनी तो दातांनी धरला. बोललं तर ते पूर्ण जागे होणार. न बोललं तर वाट बघत राहणार.

"बाई?" ते म्हणाले. "बरोबर ना?"

बाईंनी डोळे मिटून घेतले, त्या अंधारात त्याची गरज नव्हती तरी. मग झोपलेल्या माणसाचा श्वास घ्यायला सुरुवात केली. लांब, संथ. थोडं घोरूनही बघितलं.

कौतिकराव ते ऐकत राहिले. त्यांचं समाधान झालं असावं, किंवा नसावं. लूम चालू होते. बऱ्याच वेळाने, अगदी हळू, बायकोची झोप मोडू नये अशा आवाजात ते म्हणाले, "ब्याण्णव."

आणि पुढच्याची वाट बघत पडून राहिले.